गुप्तदान करताना नाव नेमकं कुणापासून लपवायचं?

गुप्तदानातली सगळ्यात मोठी चूक पहिल्याच पायरीवर होते. उद्योजकाला वाटतं, गुप्त म्हणजे कुठेच नोंद नको. मग रोख रक्कम निघते, पाकिटात घातली जाते आणि विश्वस्ताच्या हातात ठेवली जाते किंवा सरळ दानपेटीत जाते. देणाऱ्याची भावना स्वच्छ असते, पण घेणाऱ्या संस्थेच्या गळ्यात कराचं लोढणं अडकतं. आयकर कायदा ‘निनावी’ देणगीवर कर लावतो. निनावी म्हणजे जिच्या देणाऱ्याचं नाव आणि पत्ता संस्थेच्या दप्तरातच नाही अशी देणगी. नाव दप्तरात आहे पण फलकावर नाही, याला कायद्याची काडीचीही हरकत नाही. श्रद्धेने देणाऱ्याला हवं असतं हे दुसरं, आणि माहिती नसल्यामुळे तो करून बसतो पहिलं.

हिशेब करून बघा. एका धर्मादाय रुग्णालयाच्या ट्रस्टला वर्षभरात ४० लाखांच्या देणग्या आल्या, त्यातले ६ लाख निनावी. एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख, यातली जी रक्कम मोठी तेवढी सूट मिळते. इथे ५ टक्के म्हणजे २ लाख. उरलेल्या ४ लाखांवर सरसकट ३० टक्के, म्हणजे १ लाख २० हजार आणि वर ४ टक्के उपकर. ट्रस्टने ते सगळे पैसे रुग्णांवर खर्च केले असले तरी हा कर सुटत नाही. दात्याने फक्त नाव सांगितलं असतं तर हे पैसे औषधांना गेले असते. हे कलम ११५बीबीसी, २००६ च्या वित्त कायद्याने आलेलं. (या लेखातली आयकराची कलमं आणि फॉर्म १९६१ च्या कायद्यातले आहेत, कारण सीए आणि विश्वस्तांच्या तोंडी अजून तेच आकडे आहेत. २०२५ चा नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू असल्याने क्रमांक बदलले आहेत. कागद भरताना चालू क्रमांक विचारून घ्या.)

मग देवस्थानांच्या हुंडीचं, म्हणजे दानपेटीचं काय? निव्वळ धार्मिक संस्थेला हे कलम लागत नाही. धार्मिक आणि धर्मादाय अशी दोन्ही कामं करणाऱ्या संस्थेलाही लागत नाही, पण एक अट आहे: निनावी पैसा त्या संस्थेच्या शाळेसाठी, महाविद्यालयासाठी किंवा रुग्णालयासाठी म्हणून दिलेला नसावा. शिर्डीच्या श्री साईबाबा संस्थानचा वाद याच मुद्द्यावर होता. आयकर खात्याचं म्हणणं, संस्थान खर्च शिक्षण-आरोग्यावर करतं, म्हणजे ते फक्त धर्मादाय. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने संस्थान धार्मिक आणि धर्मादाय दोन्ही आहे असं धरून निकाल त्याच्या बाजूने दिला. म्हणजे पेटीत टाकायचं तर ते देवाच्या नावाने, कुठलीही चिठ्ठी न जोडता. ‘रुग्णालयासाठी’ असं पाकिटावर लिहिलंत की तीच रक्कम दुसऱ्या खान्यात गेली.

आता पैसा कुणाचा, हा प्रश्न. बरेच मालक कंपनीच्या खात्यातून देतात, कारण तिथे पैसा हाताशी असतो. गुप्ततेसाठी ही सगळ्यात वाईट वाट. ५०० कोटींची नक्त मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यातलं एक जरी लागू झालं तरी कंपनी सीएसआरच्या (कंपन्यांवरच्या सक्तीच्या सामाजिक खर्चाच्या) कक्षेत येते आणि गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च बंधनकारक होतो. तो खर्च संचालक मंडळाच्या अहवालात जातो, संकेतस्थळ असेल तर प्रकल्पांची माहिती तिथेही टाकावी लागते. धार्मिक विधी, मंदिर-मशिदीचं बांधकाम हे त्या यादीत बसत नाही. सीएसआरबाहेर कंपनी देणगी देऊ शकते, पण तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या ५ टक्क्यांवर गेली तर भागधारकांच्या सभेची आधी परवानगी लागते. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, कंपनीत भाऊ, भागीदार किंवा बाहेरचे भागधारक असतील तर तो पैसा एकट्याचा नाही. दुसऱ्याच्या खिशातलं दान आपल्या खाती मांडायचं, हे कुठल्याच धर्मात बसत नाही.

म्हणून वाट साधी: लाभांश किंवा पगार घ्यायचा, त्यावरचा कर भरायचा आणि राहिलेल्यातून स्वतःच्या नावाने द्यायचं. त्यासाठी बँकेत वेगळं बचत खातं उघडावं. हे खातं कंपनीच्या बँकेत, कंपनीच्या शाखेत नको. तिथले कर्मचारी आणि आपला हिशेबनीस यांच्यात रोजची ये-जा असते. ठरवलेला हिस्सा, मग तो दहावा असो की पाचवा, लाभांश आला त्याच दिवशी या खात्यात वळता करायचा. वर्षाच्या शेवटी ‘उरलं तर देऊ’ असं म्हणणाऱ्यांकडे क्वचितच काही उरतं.

करसवलतीची आशा असेल तर आधी एवढं बघा: वैयक्तिक करदाता नव्या करप्रणालीत असेल तर ८०जी ची, म्हणजे देणगीवरची वजावट मिळतच नाही. जुन्या प्रणालीत बहुतेक संस्थांसाठी ती ५० टक्के असते, तीही उत्पन्नाच्या १० टक्क्यांच्या मर्यादेत, आणि २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला शून्य. वस्तूरूपाने दिलेल्याला, मग ती गव्हाची पोती असोत की डायलिसिसचं यंत्र, वजावट नाही. ज्याला सवलत नकोच आहे त्याचं काम उलट सोपं होतं. त्याने संस्था कामावरून निवडावी, प्रमाणपत्रावरून नाही.

पैसे पाठवायचे कसे? ‘डीडी काढला की नाव कळत नाही’ ही समजूत जुनी झाली. १५ सप्टेंबर २०१८ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे डीडीच्या दर्शनी भागावर तो काढणाऱ्याचं नाव छापलं जातं. ५० हजार आणि त्यावरचा डीडी रोख भरून मिळत नाही. यूपीआयवर नाव दिसतं, एनईएफटी-आरटीजीएसमध्ये ते संस्थेच्या खातेउताऱ्यात येतं. एका दिवसात एका व्यक्तीकडून २ लाख किंवा जास्त रोख घेणं कलम २६९एसटीने बंद केलंय आणि दंड घेणाऱ्याला बसतो, तोही घेतलेल्या रकमेइतका. कुणी ड्रायव्हर, मुनीम, मेहुणा यांच्या नावाने तुकड्या-तुकड्यांत द्यायचं सुचवलं तर ऐकू नका. दाता म्हणून ज्याचं नाव लागेल त्याला उद्या आयकर खातं विचारेल की एवढे पैसे आणलेस कुठून, आणि तुमच्या पुण्याचा जाब तो देत बसेल. रक्कम चेकने घेऊन कमिशन कापून रोख परत करणारे ट्रस्टही बाजारात आहेत. त्यांच्या वाटेला जाणारा दान करत नसतो, करचोरी करत असतो.

तेव्हा नाव संस्थेत पोचणार, हे मान्य करून चालायचं. मग काम उरतं ते नाव किती जणांपर्यंत पोचेल हे ठरवायचं, आणि ते एका पत्राने होतं. पैसे पाठवण्याच्या आधी हे पत्र खजिनदाराच्या हातात पडलं पाहिजे, नंतर नव्हे. कारण पैसे आले की दुसऱ्या दिवशी विश्वस्तांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांसकट नाव फिरतं. पत्रात पाच गोष्टी लागतात. साधारण असं:

‘सोबतची रक्कम रुपये अमुक, संस्थेच्या कायम निधीसाठी (कॉर्पस) देत आहे. तिचं मुद्दल खर्च करू नये, व्याज मुलींच्या वसतिगृहाच्या भोजनखर्चासाठी वापरावं. पावती माझ्या नावाने, माझ्या घरच्या पत्त्यावर, बंद पाकिटात पाठवावी. माझं, कुटुंबाचं किंवा कंपनीचं नाव, छायाचित्र, बोधचिन्ह फलक, वार्षिक अहवाल, संकेतस्थळ, समाजमाध्यमं, वृत्तपत्रं यांत किंवा कार्यक्रमात जाहीरपणे घेऊ नये. कायद्याने माहिती मागणाऱ्या अधिकाऱ्यास आणि लेखापरीक्षकास ती देण्यास हरकत नाही. दरवर्षी जूनअखेर एका पानाचा खर्चाचा तपशील मिळावा.’

यातल्या प्रत्येक वाक्यामागे कुणाचा तरी हात पोळलेला आहे. ‘कायम निधी’ हे शब्द लेखी नसतील तर संस्थेला ती रक्कम कॉर्पस म्हणून दाखवता येत नाही. मग ती वर्षाच्या उत्पन्नात धरली जाते आणि ८५ टक्के खर्च करण्याच्या नियमाखाली येते. मार्चअखेर ५० लाख आले आणि पत्र नाही, की विश्वस्तांची पळापळ बघावी. शिवाय तो निधी कायद्याने ठरवलेल्या ठिकाणीच, बँकेतल्या मुदत ठेवीसारख्या जागी, वेगळा गुंतवावा लागतो. कंपनीच्या पत्त्यावर गेलेली पावती टपाल उघडणारा मुलगा वाचतो, म्हणून घरचा पत्ता. आणि अधिकाऱ्याची हरकत नसल्याचं वाक्य नसेल तर घाबरट खजिनदार नाव लेखापरीक्षकापासूनही दडवतो आणि देणगी निनावी ठरवून घेतो.

८०जी ची मान्यता असलेल्या संस्थेला दरवर्षी ३१ मेपर्यंत फॉर्म १०बीडी भरून दात्याचं नाव, पत्ता, पॅन किंवा दुसरा ओळख क्रमांक आणि रक्कम कळवावी लागते. उशिराला दिवसाला २०० रुपये शुल्क आहे. हे विवरण खात्याकडे जातं, लोकांसमोर येत नाही. लेखापरीक्षकाला मोठ्या दात्यांची यादी लागते ती वेगळ्या कारणासाठी: वर्षात १ लाखावर किंवा आतापर्यंत एकूण १० लाखांवर देणाऱ्याला संस्थेकडून आडून फायदा तर मिळत नाही ना, हे त्याला तपासायचं असतं. दात्याच्या कंपनीकडून संस्थेने चढ्या दराने सिमेंट घेतलं तर संस्थेची करमाफी धोक्यात येते. म्हणून जिथे दान, तिथे धंदा नाही. जागा भाड्याने देणं नाही, पुतण्याला नोकरी लावणं नाही.

संस्थेच्या आत कसं सांभाळायचं? खजिनदार, अध्यक्ष आणि सीए, एवढ्या तिघांना नाव ठाऊक असलं की पुरे. खतावणीत नावाऐवजी क्रमांक, आणि क्रमांक-नावाची वही खजिनदाराच्या कपाटात. सभेच्या इतिवृत्तात ‘एका हितचिंतकाकडून’. पण एवढ्यानेही छोट्या गावात भागत नाही. तालुक्याच्या ठिकाणी एकरकमी २५ लाख देऊ शकणारी माणसं असतात किती? अहवालात ‘हितचिंतक: २५,००,०००’ एवढं छापलं की चहाच्या टपरीवर संध्याकाळपर्यंत नाव निघतं. त्यामुळे रक्कम स्वतंत्र ओळ न करता ‘कायम निधीतील वाढ’ अशा एकूण आकड्यात घालायला सांगावं. बांधकामासाठी असेल तर टप्प्यांनी द्यावं: जोत्यापर्यंत एक हप्ता, स्लॅबला दुसरा, वीज-पाणी जोडणीनंतर शेवटचा. पैसा वेगळ्या वर्षांत विभागला जातो आणि अर्धवट इमारतीत अडकतही नाही.

मोठ्या उद्योजकांच्या मनात इथे एक प्रश्न येतोच: स्वतःचाच ट्रस्ट काढला तर? महाराष्ट्रात सार्वजनिक ट्रस्ट म्हणजे धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, आणि ती नोंदवही लोकांना पाहता येते. विश्वस्तांची नावं, पत्ते, मालमत्ता सगळं त्यात. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज, जमीन विकायची तर आयुक्तांची आधी मंजुरी. वर, एका ट्रस्टने दुसऱ्याला दिलेल्या देणगीतले ८५ टक्केच खर्च म्हणून धरले जातात. २०२३ पासूनची ही तरतूद. म्हणजे मध्ये घातलेला ट्रस्ट फुकट पडत नाही. शांतपणे चार चांगल्या संस्थांना द्यायचं असेल तर माझ्या मते स्वतःचा ट्रस्ट काढूच नये. दीर्घ पल्ल्याचं, स्वतः चालवायचं काम असेल, शाळा किंवा दवाखाना, तरच तो खटाटोप.

शेअर ट्रस्टला देऊन टाकायचं स्वप्न परदेशी उदाहरणांवरून येतं. ब्रिटनमधले बांधकाम उद्योजक सर जॉन लेंग हे श्रद्धाळू ख्रिस्ती. १९०९ साली, धंदा अडचणीत असताना, त्यांनी कागदावर मांडून ठेवलं की उत्पन्न अमुक झालं तर किती द्यायचं, कितीत जगायचं आणि किती शिल्लक टाकायची. उत्पन्न वाढेल तसा द्यायचा हिस्सा वाढत जाणार, जगण्याचा खर्च मात्र एका आकड्यापाशी थांबणार. पुढे १९२२ मध्ये ट्रस्ट करून त्यांनी कंपनीचे शेअर त्यात टाकले. १९७८ मध्ये वारले तेव्हा नावावर उरले होते ३७१ पौंड. अमेरिकेतले चक फीनी यांनी १९८४ मध्ये ड्युटी-फ्री दुकानांच्या कंपनीतला आपला ३८.७५ टक्के हिस्सा प्रतिष्ठानाला दिला आणि मदत घेणाऱ्यांना नाव फोडायची बंदी घातली. तेरा वर्षं ते टिकलं. १९९७ मध्ये फुटलं ते दानामुळे नव्हे, कंपनीची विक्री झाली म्हणून. हिस्सा कुणाचा, हे सांगावं लागलं.

भारतात हा नमुना जसाच्या तसा चालत नाही. करमाफी असलेल्या ट्रस्टला खासगी कंपनीचे शेअर कायमचे धरून ठेवता येत नाहीत. ज्या आर्थिक वर्षात मिळाले ते संपल्यापासून एका वर्षात ते मोकळे करून मान्य गुंतवणुकीत घालावे लागतात. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली (लिस्टेड) असेल तर प्रवर्तकांचा हिस्सा दर तिमाहीला बाजाराला कळवावा लागतो, तो घटला की पत्रकारांचे फोन येतात. पण लेंग यांचा तो कागद मात्र कुणालाही आजच्या आज करता येईल.

श्रद्धेचे स्वतःचे हिशेब असतात आणि तेही नेमके ठेवावे लागतात. जकात (इस्लाममधलं बंधनकारक दान) देणाऱ्या व्यापाऱ्याने कारखाना, यंत्रं, गाड्या धरायच्या नाहीत. रोख, बँकेतली शिल्लक, सोनं-चांदी, विक्रीचा माल आजच्या बाजारभावाने आणि येणं असलेली वसुलीयोग्य उधारी यांची बेरीज करायची, तात्काळ देणी वजा करायची आणि उरलेल्याचे २.५ टक्के. हे चांद्र वर्षाचं प्रमाण. ताळेबंद मार्चअखेरचा धरला तर ११ दिवस जास्त होतात, म्हणून २.५७७ टक्के धरतात. ही रक्कम गरजू माणसाच्या हाती पडायला हवी, इमारतीत घालून चालत नाही असं बहुतेक जाणकार मानतात. म्हणून संस्थेला जकात आणि ऐच्छिक सदका वेगवेगळ्या पत्रांनी, शक्यतो वेगळ्या खात्यांत द्यावा. शिखांचा दसवंध उत्पन्नाचा दहावा हिस्सा, तो लंगरला, शाळेला, कुठेही चालतो. हिंदू-जैन परंपरेत ठरीव टक्का बहुधा नसतो, पण देश, काळ आणि पात्र बघून द्यावं ही शिस्त आहे, आणि त्यातलं ‘पात्र’ तपासणं सगळ्यात कष्टाचं.

इथेच एक कायदेशीर खड्डा आहे. ‘आपल्या समाजाच्या मुलांसाठी’ वसतिगृह, हा मोह प्रत्येक समाजात असतो. पण १९६१ च्या कायद्यानंतर स्थापन झालेला धर्मादाय ट्रस्ट एखाद्याच धर्मसमुदायासाठी किंवा जातीसाठी असेल तर त्याची आयकरातली सूट जाते. अनुसूचित जाती-जमाती, मागासवर्ग, स्त्रिया आणि मुलं यांच्यासाठीच्या कामाला ही अडचण नाही. ८०जी ची मान्यता असलेल्या संस्थेलाही धार्मिक खर्च उत्पन्नाच्या ५ टक्क्यांपर्यंतच करता येतो. ट्रस्टच्या घटनेत (नियमावलीत) दार सगळ्यांना उघडं ठेवावं आणि प्रवेशाचा निकष उत्पन्न हा असावा.

पात्र तपासायचं म्हणजे काय? तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब मागवायचे आणि त्यात आधी प्रशासकीय खर्चाकडे नाही, तर ‘येणे रकमा’ आणि ‘विश्वस्तांकडील आगाऊ’ या ओळींकडे बघायचं. धर्मादाय आयुक्तांकडच्या नोंदवहीचा उतारा आणि त्यातली विश्वस्तांची नावं आजच्या मंडळाशी जुळतात का ते बघायचं. बदल अर्ज वर्षानुवर्षं प्रलंबित असेल तर आत भांडण आहे समजावं, आणि भांडणात कायम निधी घालू नये. आयकराच्या नोंदणीची मुदत संपलेली नाही ना, तेही बघावं. हे सगळं आपला सीए ‘एका ग्राहकासाठी’ म्हणून मागवू शकतो.

व्यक्तीला थेट मदत करताना वेगळी काळजी. नातेवाईक नसलेल्याकडून वर्षात ५० हजारांवर मिळालेली रक्कम घेणाऱ्याचं उत्पन्न धरली जाते, आणि मग नुसती वरची नाही, सगळीच. गरीब विद्यार्थ्याला बहुधा कर बसत नाही, पण कमावत्या, कर भरणाऱ्या घराला ऑपरेशनसाठी ५ लाख खात्यात टाकले तर बसू शकतो. नोंदणीकृत धर्मादाय ट्रस्टकडून आलेल्या रकमेला हा नियम नाही, म्हणून वाट ट्रस्टमधून काढावी. रुग्णालयाचं बिल भरण्याआधी विचारावं की ते धर्मादाय आहे का. राज्यातल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्याव्या लागतात, त्यासाठी बिलांच्या २ टक्क्यांचा निधी बाजूला असतो. वैद्यकीय समाजसेवकाला आधी भेटलं नाही तर जे रुग्णालयाने द्यायचं तेच दाता भरून मोकळा होतो. त्याचे पैसे लागतात ते या योजनांत न बसणाऱ्या खर्चाला: बाहेरून आणायची औषधं, सोबतच्या माणसाचं राहणं-जेवण, डिस्चार्जनंतरचे तीन महिने.

परदेशी स्थायिक झालेला मुलगा वाटा उचलणार असेल तर त्याचा पासपोर्ट विचारा. भारतीय नागरिक असून तिकडच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असेल तर तो परकीय निधी नाही. तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारं) असलं तरी, संस्थेकडे एफसीआरए (परकीय देणगी नियमन कायदा) नोंदणी आणि दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतलं खातं लागतं.

शेवटी, दाता गेल्यावर. गुप्तपणे दरमहा चाळीस मुलांची फी भरणारा माणूस अचानक गेला, तर घरच्यांना ते चाळीस जण आहेत हेच ठाऊक नसतं आणि जूनमध्ये शाळा नावं काढायला लागते. तोंडी शब्द वारसांना बांधत नाही. मृत्युपत्रात तपशील लिहिला तर ते न्यायालयात गेल्यावर लोकांना वाचता येतं. म्हणून अशा चालू बांधिलकीइतका कायम निधी हयातीतच संस्थेत ठेवावा. मुदत ठेवीचं व्याज ७ टक्के धरलं तर वर्षाच्या ७ लाखांच्या फीला १ कोटी लागतात, आणि फी वाढत जाणार म्हणून थोडं व्याज मुद्दलात परत घालायची सोय पत्रात करावी. दानाच्या खात्याचं पासबुक, पत्रांच्या प्रती आणि संस्थेतल्या एका माणसाचा फोन नंबर एका फाइलमध्ये घालून ती कुठे आहे एवढं बायकोला किंवा थोरल्या मुलीला सांगून ठेवावं.